ड्रायव्हरची फाइल कुठं ठेवायची?

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि ड्रायव्हर म्हणजे त्यातला एकेक उपकरण चालवणारा कोड. आमच्या कंपनीच्या कर्नलमध्ये आम्ही लिहिलेला प्रत्येक ड्रायव्हर एकाच डिरेक्टरीत होता. 'ड्रायव्हर्स'च्या आत कंपनीच्या नावाची एक डिरेक्टरी, आणि तिच्यात सगळं: भट्टीचं तापमान वाचणारा, वजन वाचणारा, कीपॅडचा, डिस्प्लेचा, बझरचा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं ऑफिस आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्रींना लागणारे कंट्रोलर आम्ही बनवतो. एआरएम प्रोसेसरचा छोटा बोर्ड, त्यावर लिनक्स, आणि बाहेरून भट्टी, वजनकाटा, पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणक) जोडलेले. बोर्डाबरोबर मिळालेला ४.१९ आवृत्तीचा कर्नल आम्ही वर्षानुवर्षं वापरत होतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या त्या मालिकेची देखभाल डिसेंबर २०२४ मध्ये थांबली, सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या बंद झाल्या. म्हणून ६.६ वर जायचं ठरलं आणि काम माझ्याकडं आलं.

कोड नव्या कर्नलवर चढवणं हे झालं मुख्य काम. त्याच्या आधी मी आणखी एक काम मागून घेतलं. ही डिरेक्टरी मोडायची आणि प्रत्येक ड्रायव्हर कर्नलच्या रचनेत जिथं बसायला हवा तिथं न्यायचा. हार्डवेअर बघणाऱ्या दादांनी लगेच विचारलं, "अगं, फायली इकडच्या तिकडं करून मशीन जोरात पळणार हाय व्हय?" मशीन जोरात पळणार नव्हतं. मालकांचा प्रश्न जास्त रोखठोक होता: गिऱ्हाईकानं विचारलं काय बदललं, तर त्याला काय सांगायचं?

माझं उत्तर असं होतं. लिनक्स कर्नलच्या एकूण कोडमध्ये निम्म्याहून जास्त कोड ड्रायव्हर्सचा आहे, आणि तो सबसिस्टिमनुसार, म्हणजे कर्नलच्या विभागांनुसार, वाटलेला आहे. सबसिस्टिमच्या गाभ्यात काही बदललं की बदलणारा माणूस त्या सबसिस्टिममधले सगळे ड्रायव्हर स्वतःच दुरुस्त करतो. एसपीआय ही चिप जोडायची एक बस. तिच्या ड्रायव्हरचं 'रिमूव्ह', म्हणजे उपकरण काढताना चालणारं, फंक्शन आधी पूर्णांक परत करायचं, ५.१८ पासून काहीच परत करत नाही. आयटूसी या तशाच दुसऱ्या बसच्या बाबतीत तेच ६.१ मध्ये झालं. कर्नलमधल्या शेकडो ड्रायव्हर्सवर हा बदल झाला, आमच्यावर अर्थातच नाही, कारण आमचा कोड आमच्याकडंच होता. पण आमचा तापमानाचा ड्रायव्हर 'आयआयओ' या मोजमापाच्या सबसिस्टिममधल्या 'आयआयओ/टेम्परेचर' डिरेक्टरीत असता तर ४.१९ ते ६.६ या दरम्यान शेजारच्या फायलींत काय काय बदललं हे एका 'गिट लॉग'मध्ये (कोडमधल्या बदलांच्या यादीत) दिसलं असतं, आणि आपल्या फाइलमध्ये तसंच करून पुढं जाता आलं असतं. कंपनीच्या नावाच्या डिरेक्टरीत शेजार असा नव्हताच. वजनकाट्याशेजारी बझर, बझरशेजारी कीपॅड. एकाकडं बघून दुसऱ्याबद्दल काही कळत नव्हतं.

दादांना मी त्यांच्याच रोजच्या व्यवहारातलं सांगितलं. उद्यमनगरातल्या बेअरिंगच्या दुकानात ६२०३ हे बेअरिंग पंपाचं म्हणून एका कपाटात आणि मोटारीचं म्हणून दुसऱ्या कपाटात ठेवत नाहीत. ते ६२०३ च्या खणात असतं. दादा म्हणाले, "मग आपलं कपाट गिऱ्हाईकाच्या नावानं लावलंय म्हण की." नेमकं तेच होतं. मालकांनी होकार दिला. अट एकच: जुन्या बोर्डांवर चालू असलेलं काही बंद पडता कामा नये.

सुरुवातीला मी कर्नलची स्वतःची रचना कशी घडली ते वाचलं, आणि तो वेळ पुढं फार कामी आला. सप्टेंबर १९९१ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ०.०१ या पहिल्या आवृत्तीत ड्रायव्हर्स नावाची डिरेक्टरीच नव्हती. सगळा कोड दहा हजार ओळींच्या आसपास. हार्ड डिस्क, कीबोर्ड, कन्सोल यांचा कोड 'कर्नल' डिरेक्टरीतच, कोणतं काम कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या शेड्युलरशेजारी पडलेला. त्याच वर्षाच्या शेवटी ०.११ मध्ये त्याचे दोन भाग झालेले दिसतात: ब्लॉक ड्रायव्हर (डिस्कसारख्या, ठोकळ्यांनी डेटा देणाऱ्या उपकरणांचे) आणि कॅरॅक्टर ड्रायव्हर (कीबोर्डसारख्या, एकेक अक्षर देणाऱ्या उपकरणांचे). युनिक्समध्ये उपकरणांची जी जुनी विभागणी आहे तीच. मार्च १९९४ च्या १.० मध्ये ड्रायव्हर्स डिरेक्टरी आहे आणि तिच्यात ब्लॉक, कॅरॅक्टर, नेट, स्कझी, साउंड असे भाग आहेत. ब्लॉक आणि कॅरॅक्टर म्हणजे उपकरणाशी बोलायची पद्धत, स्कझी म्हणजे जोडणीची बस, नेट आणि साउंड म्हणजे उपकरणाचं काम. तीन वेगवेगळ्या कसोट्या तिथं पहिल्यापासून शेजारी शेजारी नांदत आहेत.

पुढच्या तीस वर्षांत यातली कामाची कसोटी बाकीच्यांना मागं सारत गेलेली दिसते. टीटीवायचा (टर्मिनलचा) कोड कॅरॅक्टरमधून निघून स्वतंत्र झाला. ग्राफिक्सचा डीआरएम कोडसुद्धा आधी कॅरॅक्टरमध्येच होता, तो 'जीपीयू'मध्ये गेला. साटा डिस्कचे ड्रायव्हर स्कझीतून निघून 'एटीए'मध्ये आले. साउंड तर २००२ मध्ये अल्सा ही आवाजाची नवी सबसिस्टिम आल्यावर ड्रायव्हर्समधूनच बाहेर पडला आणि सगळ्यात वरच्या पातळीवर गेला. नेटवर्क कार्डांच्या शेकडो फायली 'नेट' डिरेक्टरीत एका सपाट यादीत होत्या. २०११ मध्ये इंटेलच्या जेफ कर्शर यांनी त्या 'ईथरनेट' डिरेक्टरीत चिप बनवणाऱ्या कंपनीनुसार लावल्या, आणि जानेवारी २०१२ च्या ३.२ मध्ये ती रचना लोकांच्या हातात आली. त्याच वर्षी मॉरो कार्व्हालो चेहाब यांनी मीडियाचे (टीव्ही कार्ड, कॅमेरे यांचे) ड्रायव्हर हलवले. तिथं पुन्हा बस वर आली: यूएसबीचे वेगळे, पीसीआयचे वेगळे, ट्यूनर वेगळे.

मला यात गोंधळ दिसत नाही. ईथरनेटचे ड्रायव्हर मोठे असतात, एकाच कंपनीच्या चार पिढ्यांत कोड सामायिक असतो आणि त्याची काळजी बहुतेक वेळा त्याच कंपनीतली माणसं घेतात, म्हणून तिथं कंपनीची डिरेक्टरी शोभते. टीव्ही कार्डात एकच ट्यूनर चिप यूएसबीच्या डबीतही असते आणि पीसीआयच्या कार्डावरही असते, म्हणून तिथं चिप आणि बस वेगळी करावी लागते. नेटबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमनं हा विचार सगळ्या कर्नलभर नेला आहे. तिथं 'डेव्ह' डिरेक्टरीत पीसीआय, आयएसए, यूएसबी अशा बसच्या डिरेक्टऱ्या आहेत आणि चिपचा बसशी संबंध नसलेला कोड 'आयसी' या वेगळ्या डिरेक्टरीत. एनई२००० कार्डाचा गाभा आयसीमध्ये, आणि त्याला पीसीआयवर किंवा आयएसएवर जोडणारी छोटी फाइल त्या त्या बसच्या डिरेक्टरीत. वाचायला ते फार नेटकं वाटतं.

एवढं वाचल्यावर मी स्वतःसाठी एक प्रश्न पक्का केला. या ड्रायव्हरमध्ये चूक असेल तर ती पाहताक्षणी ओळखणारी माणसं कुठं बसतात? फाइल त्यांच्याजवळ गेली पाहिजे. वजनकाट्याची चिप जीपीआयओच्या, म्हणजे साध्या चालू-बंद पिनांच्या, दोन तारांवर चालत असली तरी जीपीआयओवाल्या माणसाला चोवीस बिटांच्या एडीसीबद्दल (विजेचा सिग्नल आकड्यात बदलणाऱ्या चिपबद्दल) सांगण्यासारखं काही नसतं. ते आयआयओवाल्यांना असतं.

मग एकेक फाइल घेतली, आणि पहिलाच अनुभव अनपेक्षित होता. वजनाचा ड्रायव्हर एचएक्स७११ या चिपचा. वाळूत मिसळायच्या बेंटोनाइटचं वजन आम्ही तिच्यावर घेतो. आयआयओच्या एडीसी डिरेक्टरीत तो न्यायला गेले तर तिथं त्याच नावाची फाइल आधीपासून हजर. आमच्या जुन्या ४.१९ मध्येसुद्धा ती होती. कुणीतरी कंपनीत बसून जो ड्रायव्हर पुन्हा लिहिला होता तो कर्नलमध्ये तयार होता, फक्त तिकडं कुणी बघितलं नव्हतं, कारण आमचे ड्रायव्हर आमच्या डिरेक्टरीत जायचे.

दोन्ही फायली शेजारी शेजारी उघडून मी वाचल्या. या चिपची घड्याळाची तार साठ मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वेळ वर राहिली की चिप झोपी जाते. कर्नलमधला ड्रायव्हर ती तार वर असताना प्रोसेसरला दुसऱ्या कामाकडं वळू देत नाही. आमच्या ड्रायव्हरमध्ये ही काळजी नव्हती. मधूनच एखादं वजन भलतंच यायचं आणि त्यासाठी ॲप्लिकेशनमध्ये एक गाळणी लावलेली होती: मागच्या आकड्यापेक्षा फार वेगळा आकडा आला तर सोडून द्यायचा. आमची फाइल काढून टाकली, कर्नलची सुरू केली, चाचणीच्या टेबलावर लोड सेल जोडून रात्रभर नोंदी घेतल्या. भलते आकडे आले नाहीत. मालकांना गिऱ्हाईकाला सांगायला उत्तर मिळालं.

नंतर हे पुन्हा पुन्हा होत गेलं. कीपॅडला इनपुट सबसिस्टिममधला मॅट्रिक्स कीपॅड पुरला. बझरला तिथलाच पीडब्ल्यूएम बीपर. सात खंडांच्या डिस्प्लेला 'ऑक्सडिस्प्ले' या छोट्या डिस्प्लेंच्या डिरेक्टरीतला ड्रायव्हर. आयटूसीवरच्या जीपीआयओ एक्सपांडरला, म्हणजे पिना वाढवणाऱ्या चिपला, पीसीएफ८५७एक्स. प्रत्येक वेळी काम तेच: डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठं जोडलंय त्याच्या वर्णनात) योग्य नोंद करायची, ॲप्लिकेशन जुळवायचं आणि आमची फाइल पुसायची. हलवायला काढलेल्या फायलींपैकी कितीतरी हलवायची वेळच आली नाही.

तापमानापाशी मात्र बरेच दिवस अडकले, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आमच्या कंट्रोलरवर दोन तापमानं मोजली जातात. एक, कंट्रोलरच्या पेटीच्या आतलं. फाउंड्रीत भट्टीजवळ पेटी टांगलेली असते आणि उन्हाळ्यात बोर्ड फार तापतो. त्यासाठी एलएम७५ ही साधी चिप आहे. दुसरं, भट्टीतल्या रसाचं. कास्ट आयर्नचा रस १४०० अंशांच्या आसपास असतो. तापमान मोजायला थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारांची जोडी, लागते. के प्रकारचं थर्मोकपल १३७२ अंशांपर्यंतच चालतं, म्हणून आम्ही एस प्रकारचं वापरतो आणि ते मॅक्स३१८५६ या चिपनं वाचतो. दोन्ही ड्रायव्हर तापमानच सांगतात. कंपनीच्या डिरेक्टरीत ते 'टेंप-१' आणि 'टेंप-२' होते.

कर्नलमध्ये तापमानाला तीन जागा आहेत: एचडब्ल्यूमॉन, आयआयओ आणि थर्मल. एचडब्ल्यूमॉन म्हणजे यंत्राची स्वतःची तब्येत: बोर्डाचं तापमान, पंख्याचा वेग, सप्लायचं व्होल्टेज. आयआयओ म्हणजे यंत्रानं बाहेरच्या जगाचं केलेलं मोजमाप. थर्मल म्हणजे तापमान वाढलं तर काय करायचं याचा निर्णय: प्रोसेसर हळू करा, पंखा लावा, नाहीतर बंद पडा. एकदा हे असं मांडलं की एलएम७५ एचडब्ल्यूमॉनमध्ये जातो आणि थर्मोकपल आयआयओमध्ये जातं, यात शंका राहत नाही. शंका सीमेवर असते. भट्टीच्या गार पाण्याच्या पाइपवर आम्ही एक सेन्सर लावतो. पाणी तापलं तर कॉइल जळते, म्हणून तो एका अर्थानं यंत्राची तब्येत आहे. पण ते यंत्र भट्टी. लिनक्स चालवणारा बोर्ड ते यंत्र नव्हे. मी तो आयआयओमध्ये ठेवला. उलट प्रसंगासाठी कर्नलमध्ये सोयही आहे: आयआयओचं चॅनेल एचडब्ल्यूमॉनमध्ये दाखवणारा एक छोटा दुवा-ड्रायव्हर एचडब्ल्यूमॉन डिरेक्टरीत आहे. त्यामुळं ही निवड जन्मठेप नसते.

मॅक्स३१८५६ चा ड्रायव्हरही कर्नलमध्ये निघाला, पण तो ४.१९ नंतर आलेला. म्हणजे आमच्याकडं ज्यानं तो लिहिला त्यानं गरजेपोटीच लिहिला होता. नव्या ड्रायव्हरमध्ये थर्मोकपलचा प्रकार डिव्हाइस ट्रीमधून येतो. आमच्यात तो कोडमध्ये कोरलेला होता आणि के वापरणाऱ्या गिऱ्हाईकासाठी वेगळा कर्नल बांधावा लागायचा. तो प्रकार संपला.

उरले आमचे खरोखर स्वतःचे ड्रायव्हर. त्यातला सगळ्यात मोठा आमच्या आयओ कार्डाचा. हे कार्ड दादांनी बनवलेलं आहे: त्यावर एक छोटा मायक्रोकंट्रोलर, तो आयटूसीवरून बोलतो आणि चार ते वीस मिलिॲम्पियरची इनपुट, डिजिटल इनपुट-आउटपुट आणि वॉचडॉग (सिस्टिम अडकली तर ती पुन्हा सुरू करणारा टायमर) एवढं सांभाळतो. ड्रायव्हर म्हणजे एक लांबलचक फाइल आणि ॲप्लिकेशनशी बोलायला स्वतः ठरवलेले आयओसीटीएल, म्हणजे ड्रायव्हरला द्यायच्या खास आज्ञा. ही फाइल कुठं ठेवायची? एडीसी आहे म्हणून आयआयओत, पिना आहेत म्हणून जीपीआयओत, की वॉचडॉगमध्ये?

कर्नलमध्ये अशा अनेक कामांच्या चिपसाठी 'एमएफडी' डिरेक्टरी आहे. तिथं फक्त पालक ड्रायव्हर राहतो. तो आयटूसीची जोडणी आणि रेजिस्टरचा (चिपच्या आतल्या कप्प्यांचा) नकाशा सांभाळतो आणि आपल्या मुलांची नोंद करतो. मुलं आपापल्या सबसिस्टिममध्ये जातात. आमच्या एका फाइलचे चार भाग झाले: एमएफडीत पालक, जीपीआयओत एक, आयआयओच्या एडीसीत एक, वॉचडॉगमध्ये एक. रेजिस्टर वाचण्या-लिहिण्याचा आमचा स्वतःचा कोड आणि त्याभोवतीची कुलपं गेली, त्या जागी त्याच कामाचा कर्नलचा तयार 'रेगमॅप' आला.

यातून मिळालेला फायदा मी आधी धरला नव्हता. वॉचडॉग आता सगळ्यांसारखा 'डेव्ह/वॉचडॉग' झाला आणि सिस्टिमडी, म्हणजे लिनक्सवरच्या सेवा चालवणारा प्रोग्रॅम, स्वतःच त्याला थोपटू लागला. त्याआधी आमचं ॲप्लिकेशन ठरावीक वेळानं आयओसीटीएल करायचं. दादांनी नवं ड्रायव्हर-चित्र कागदावर काढून घेतलं आणि कार्डाच्या पुढच्या आवृत्तीत मायक्रोकंट्रोलरचे रेजिस्टर त्याच गटांत लावायचं ठरवलं. कोडची डिरेक्टरी बघून हार्डवेअरचा नकाशा सुधारला, याचा मला फार आनंद झाला.

आता प्रत्यक्ष हलवण्याबद्दल. इथं शिस्त लागते आणि ती न पाळल्याचे परिणाम वर्षभरानं कुणा दुसऱ्याला भोगावे लागतात. पहिला नियम मी असा ठेवला: हलवायच्या कमिटमध्ये (गिटमध्ये एकदम नोंदवलेल्या बदलात) फक्त हलवणं. गिट फाइलचं नाव बदलल्याची नोंद कुठंच ठेवत नाही. जुनी फाइल गेली, नवी आली, आणि दोन्हींत पुरेसं साम्य आहे असं बघून ते नंतर अंदाज बांधतं. नेहमीची मर्यादा पन्नास टक्के साम्याची. हलवताना कोडही बदलला की हा अंदाज कमकुवत होतो आणि एखाद्या ओळीचा इतिहास शोधणारा माणूस हलवण्याच्या कमिटपाशी येऊन थांबतो. नुसतं हलवलं तर पॅचमध्ये (बदल दाखवणाऱ्या मजकुरात) साम्य शंभर टक्के दिसतं आणि हजार ओळींच्या फाइलचा पॅच चार ओळींत मावतो. तपासणाऱ्याला वाचायला काही उरतच नाही. आयओ कार्डाचे चार तुकडे करताना हा मार्ग चालणार नव्हता. तिथं तुकडे करण्याच्या कमिटमध्ये ओळी जशाच्या तशा ठेवल्या, म्हणजे 'गिट ब्लेम'ला 'सी' हा पर्याय दिला की त्या मूळ फाइलपर्यंत जातात. सुधारणा सगळ्या त्यानंतरच्या कमिटमध्ये.

दुसरं, प्रत्येक कमिटला कर्नल बांधला गेलाच पाहिजे. म्हणजे फाइल, तिची मेकफाइलमधली (बांधायच्या सूचनांमधली) ओळ आणि केकॉन्फिगमधली (काय बांधायचं ते निवडायच्या यादीतली) नोंद एकाच कमिटमध्ये हलते. नाहीतर पुढं 'बायसेक्ट' करणारा, म्हणजे चूक कुठल्या कमिटनं आली ते शोधणारा, मधल्या तुटलेल्या कमिटवर अडकतो. हे गिटलाच सांगता येतं: रिबेस करताना, म्हणजे कमिट एकेक करून पुन्हा चढवताना, प्रत्येक पॅचनंतर 'मेक' चालव.

केकॉन्फिगचा एक बारकावा मी ठळक करून सांगते, कारण तो गाजावाजा न करता नुकसान करतो. फाइल हलली तरी तिच्या कॉन्फिग चिन्हाचं नाव बदलायचं नाही. बदललं तर लोकांच्या जुन्या कॉन्फिगमधली ती ओळ अनोळखी होते आणि 'ओल्डडेफकॉन्फिग' करताना, म्हणजे जुना कॉन्फिग नव्या कर्नलला जुळवताना, निमूटपणे गळून पडते. नाव तेच ठेवलं तरी धोका संपत नाही. आयआयओ डिरेक्टरीतले सगळे ड्रायव्हर 'आयआयओ' या एका मोठ्या चिन्हाखाली येतात. आमच्या जुन्या कॉन्फिगमध्ये आयआयओच बंद होतं, कारण आमच्या डिरेक्टरीला त्याची गरज नव्हती. ड्रायव्हर तिथं हलवताच तो बंद झाला असता आणि कर्नल एकही इशारा न देता छान बांधला गेला असता. कर्नलच्या 'स्क्रिप्ट्स' डिरेक्टरीत 'डिफकॉन्फिग' नावाची छोटी स्क्रिप्ट आहे. हलवण्याआधीचा आणि नंतरचा कॉन्फिग तिच्यातून काढून बघणं मी प्रत्येक पॅचला सक्तीचं केलं.

तसंच बांधलेला कोड. नुसतं हलवल्यावर मशीन कोड तोच राहिला पाहिजे. इशाऱ्याच्या संदेशांत फाइलचा मार्ग येतो तेवढा फरक सोडला, तर दोन्ही ऑब्जेक्ट फायलींचं डिसअसेंब्ली (मशीन कोडचं वाचता येणारं रूप) जुळलं पाहिजे. त्यासाठीही कर्नलमध्येच 'ऑब्जडिफ' ही स्क्रिप्ट आहे. ही खात्री एकदा पटली की मालकांच्या अटीवर छातीठोकपणे हो म्हणता येतं.

पण कोड तोच असूनही बूट झाल्यावर गोष्टी बदलतात, आणि त्याचं कारण डिरेक्टरीच असते. कर्नलमध्ये बांधलेले ड्रायव्हर सुरू होतात ते टप्प्याटप्प्यानं. एका टप्प्यातले ड्रायव्हर लिंक होण्याच्या क्रमानं सुरू होतात, आणि तो क्रम मेकफाइलमधल्या ओळींचा. 'ड्रायव्हर्स'ची मुख्य मेकफाइल म्हणूनच वर्णानुक्रमे लावलेली नाही. पिनकंट्रोल आधी, मग जीपीआयओ, कारण जीपीआयओला पिन वळवून घ्यावी लागू शकते; जीपीयू कॅरॅक्टर आणि आयओएमएमयूच्या नंतर; रेग्युलेटर लवकर, कारण पुष्कळांना वीज तिथून मिळते. ही कारणं त्या फाइलमध्येच टिपांत लिहून ठेवलेली आहेत. माझ्या मते कर्नल शिकणाऱ्यानं ती फाइल पहिल्या आठवड्यातच वाचावी.

आमच्या डिरेक्टरीची ओळ सगळ्यात शेवटी होती, त्यामुळं आमचे ड्रायव्हर सुरू होईपर्यंत बाकी सगळं तयार असायचं. आता ते विखुरले आणि काही जण आधी उठू लागले. ज्याच्यावर अवलंबून आहोत तो अजून तयार नसेल तर 'नंतर पुन्हा विचारा' असं सांगायची सोय कर्नलमध्ये २०१२ च्या ३.४ पासून आहे. आमच्या जुन्या कोडमध्ये अशा ठिकाणी ड्रायव्हर सरळ अपयशी व्हायचा. ते सगळीकडं बदलावं लागलं.

त्याहून चिवट निघाले क्रमांक. आयआयओची उपकरणं ज्या क्रमानं सापडतात त्या क्रमानं त्यांना शून्य, एक, दोन असे आकडे मिळतात. ॲप्लिकेशन आयआयओशी जुळवताना शून्य म्हणजे भट्टी आणि एक म्हणजे पाणी असं धरलेलं होतं. हलवल्यावर चाचणीच्या बोर्डावर भट्टी तीस अंशांवर दिसायला लागली. आम्ही डिव्हाइस ट्रीमध्ये प्रत्येक सेन्सरला लेबल दिलं आणि ॲप्लिकेशनला आकडा सोडून लेबल वाचायला लावलं. एचडब्ल्यूमॉनमध्ये आणि जीपीआयओमध्ये तेच केलं. फाउंड्रीत रसाच्या तापमानावर ओतायचा निर्णय होतो. तिथं असलं काही अंदाजावर सोडता येत नाही.

मॉड्यूलच्या, म्हणजे गरजेप्रमाणं वेगळा लोड होणाऱ्या ड्रायव्हरच्या, बाबतीत मार्ग बदलतो. 'लिब/मॉड्यूल्स'खाली मॉड्यूलच्या फायली सोर्सच्याच डिरेक्टऱ्यांप्रमाणं लागतात. नावानं लोड करणाऱ्या 'मॉडप्रोब'ला काही फरक पडत नाही, पण आमच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये 'इन्समॉड'ला पूर्ण मार्ग दिलेला होता. इनिट्रामएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइल-सिस्टिम) तयार करणाऱ्या स्क्रिप्टमध्येही ठरावीक डिरेक्टऱ्या उचलायच्या ओळी होत्या. दोन्ही सुधारल्या. हे पटकन झालं, पण राहिलं असतं तर गिऱ्हाईकाच्या जागेवर बोर्ड अर्ध्या बूटवर उभा राहिला असता.

'मेंटेनर्स' ही फाइलही विसरायची नाही. तिच्यात कुठल्या मार्गाचा धनी कोण हे लिहिलेलं असतं, आणि 'गेट मेंटेनर' स्क्रिप्ट त्यावरून पॅच कुणाला पाठवायचा ते सांगते. आम्ही आमच्या शाखेतही ती पद्धत ठेवली: आयओ कार्डाच्या चार फायलींपुढं दादांचं आणि माझं नाव. कमिटच्या शीर्षकाची सुरुवातही डिरेक्टरीप्रमाणं करायला लागलो, जसं त्या सबसिस्टिममध्ये बाकीचे करतात. आता दादा लॉगमध्ये नुसतं 'एमएफडी' शोधतात आणि त्यांना हवं ते सापडतं.

शिरोलीतल्या एका फाउंड्रीत नवा कर्नल घातलेला पहिला कंट्रोलर लावला. दोन पाळ्यांत जुना आणि नवा शेजारी शेजारी चालवला. तापमान जुळलं, वजन जुळलं. तिथल्या सुपरवायझरनी विचारलं, "नवीन काय हाय यात?" मालकांनी वजनाचा आलेख दाखवला. आधी मधूनच उडणारे टोकदार काटे नव्या आलेखात नव्हते. "हे बरं झालं बगा," म्हणून ते भट्टीकडं गेले.

'मिस्क' डिरेक्टरीत आमचा एकच ड्रायव्हर उरला आहे. ओतायच्या लाडलचं (रसाच्या भांड्याचं) झाकण उघडणाऱ्या न्यूमॅटिक व्हॉल्व्हचा. तो दोन पिना वरखाली करतो आणि झाकण पूर्ण उघडल्याचा एक स्विच वाचतो. त्याला कुठलीही सबसिस्टिम आपलं म्हणत नाही. मिस्कमध्ये ज्याला दुसरी जागाच नाही ते ठेवतात, म्हणून तो तिथं नियमाला धरून आहे. पण दोन पिना आणि एक स्विच एवढ्यासाठी कर्नलमध्ये कोड हवाच असं मला वाटत नाही. पिना हाताळणारी लिबजीपीआयओडी ही लायब्ररी वापरून ॲप्लिकेशनमधूनच ते होईल. अडचण वेळेची आहे. झाकण बंद व्हायला किती मिलिसेकंदांचा उशीर चालतो हे मोजायला दादांनी कार्डाला एक स्कोप लावून ठेवला आहे. तो आकडा मर्यादेत आला तर ही फाइलसुद्धा पुसून टाकणार.